पुण्याईवर काढलेलं कर्ज : मार्शल पेतां आणि फ्रान्सचा न मिटलेला हिशोब

१९७३च्या फेब्रुवारीत फ्रान्समध्ये एक शवपेटी चोरीला गेली. अटलांटिक किनाऱ्यालगतच्या ईल-द्यो नावाच्या छोट्याशा बेटावर काही जणांनी रात्रीत एक कबर उकरली, पेटी गाडीत घातली आणि बेटावरून थेट पॅरिसपर्यंत आणली. त्यांना दागिने नको होते, खंडणीही नको होती. ती पेटी देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हर्डूनजवळच्या दुओमाँच्या युद्धस्मारकापाशी नेऊन पुरायची, एवढाच बेत होता. तो फसला. पॅरिसला लागून असलेल्या सँत-ऊआँमधल्या एका गॅरेजात पोलिसांना पेटी सापडली आणि काही दिवसांत ती पुन्हा बेटावरच्या त्याच खड्ड्यात गेली.

पेटीत होते मार्शल फिलिप पेतां. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली होती. बेटावर पुरलेले पेतां म्हणजे देशद्रोहाबद्दल जन्मठेप भोगताना मेलेला कैदी. दुओमाँला पुरलेले पेतां म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या व्हर्डूनच्या लढाईचा विजयी सेनापती. माणूस तोच, पण माती बदलली की अर्थ बदलतो. ही चोरी एवढ्याचसाठी होती.

एखाद्या नेत्यानं तरुणपणी किंवा मध्यमवयात रणांगणावर देशाची मोठी सेवा केली, आणि पुढे सत्तेत बसून भलतंच काही केलं, तर त्याला कसं तोलायचं? सर्वसाधारण उत्तर असतं ते वाण्याच्या वहीचं. चांगलं जमेला, वाईट खर्चाला, खाली रेघ मारायची आणि शिल्लक काढायची. शोकसभांमधली निम्मी भाषणं हीच असतात. पेतांच्या बाबतीत ही वही चालत नाही, आणि ती का चालत नाही हे कळलं की इतर बऱ्याच नेत्यांच्या बाबतीतही आपण जरा सावध होतो. त्यासाठी आधी व्हर्डूनला जावं लागेल.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा पेतां ५८ वर्षांचे कर्नल होते. उत्तर फ्रान्समधल्या शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा होता. बढती रखडण्याचं एक कारण त्यांची मतं. सगळं सैन्य 'चढाई, चढाई' करत असताना हे म्हणायचे की तोफखाना माणसं मारतो, नुसत्या शौर्यानं काही होत नाही. युद्धानं त्यांना खरं ठरवलं आणि ते भराभर वर चढले.

२१ फेब्रुवारी १९१६ला जर्मनांनी व्हर्डूनवर हल्ला केला. चारच दिवसांत दुओमाँचा किल्ला पडला, आणि त्याच सुमारास पेतांकडे सूत्रं आली. आल्या आल्या त्यांना न्यूमोनियानं गाठलं. पहिले काही दिवस त्यांनी लढाई अंथरुणातूनच चालवली. पण त्यांना प्रश्न बरोबर दिसला होता. व्हर्डूनची मुख्य रेल्वे जर्मन तोफांच्या माऱ्यात होती. उरली होती एक अरुंद मीटरगेज लाइन आणि बार-ल-द्युकहून येणारा पन्नास-साठ किलोमीटरचा रस्ता. दोन गाड्या जेमतेम एकमेकींना घासून जातील एवढाच रुंद. लढाई त्या रस्त्यावर जिंकली किंवा हरली जाणार होती.

मग त्या रस्त्याचे नियम ठरले. घोडे-बैलगाड्या बंद, पायदळानं रस्त्यावर पाऊल ठेवायचं नाही, त्यांनी बाजूच्या शेतातून चालायचं. ट्रक बंद पडला तर दुरुस्तीला थांबायचं नाही, सरळ चारीत ढकलायचा. लगतच्या खाणींमधून दगड फोडून आणायचे आणि वयस्क सैनिकांनी ते रस्त्यावर फेकत राहायचे. ट्रकची चाकंच ते दाबून रस्ता तयार करणार. रोलर फिरवायला वेळच नव्हता. ऐन भरात सरासरी १४ सेकंदांना एक ट्रक जात होता, रात्रंदिवस. आठवड्याला सुमारे ९० हजार माणसं आणि ५० हजार टन माल. त्या रस्त्याला पुढे 'पवित्र मार्ग' म्हणू लागले. आज त्याचा अधिकृत क्रमांकच १९१६ आहे.

पेतांची दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जर्मन तुकड्या आघाडीवर झिजेपर्यंत ठेवत. पेतांनी काय केलं, तर तुकडी थोडे दिवस आघाडीवर ठेवायची, मग मागे घ्यायची, तिच्या जागी ताजी पाठवायची, आणि हे चक्र अखंड चालू ठेवायचं. फ्रेंच या पद्धतीला 'नोरिया' म्हणतात. नोरिया म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपला रहाट. रहाटगाडग्याची मडकी जशी एकामागून एक विहिरीत उतरतात आणि वर येतात, तशा डिव्हिजन व्हर्डूनमध्ये उतरल्या आणि वर आल्या. फरक एवढाच की मडकी भरून वर येतात, या रिकाम्या होऊन येत होत्या.

या रहाटाचा एक राजकीय परिणाम झाला. तो कुणी ठरवून केला नव्हता. फ्रेंच सैन्याच्या सुमारे ७० डिव्हिजन, म्हणजे जवळजवळ तीनचतुर्थांश सैन्य, कधी ना कधी व्हर्डूनच्या चिखलातून गेलं. दुसऱ्या कुठल्याही लढाईचं असं झालं नाही. दहा महिन्यांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख मेले. फ्रान्समधल्या बहुतेक गावांत, बहुतेक नात्यागोत्यांत 'मी व्हर्डूनला होतो' म्हणणारा कुणीतरी घरी आला, किंवा आला नाही. त्या सगळ्यांच्या आठवणीत एकच नाव होतं. पेतांना 'व्हर्डूनचे विजेते' म्हणणं ही प्रत्येक घराची खाजगी आठवण झाली.

जमेची बाजूही जरा तपासून घ्यायला हवी. ती नेहमी गोल आकड्यात सांगितली जाते. व्हर्डून सोडायचं नाही हा निर्णय पेतांनी एकट्यानं घेतला नव्हता. शिवाय १ मेच्या सुमारास वरिष्ठांनी त्यांना बढती देऊन थोडं लांबच केलं, कारण ते फार सावध वाटत. दुओमाँचा किल्ला ऑक्टोबरमध्ये परत घेतला गेला तो निव्हेल आणि माँजँ या सेनापतींच्या हाताखाली. निव्हेलना आज कोण आठवतं? पुढच्या वर्षी याच निव्हेलनी एक अचाट चढाई केली, ती फसली, आणि वैतागलेल्या पलटणींनी आघाडीवर जायलाच नकार दिला. तेव्हा पुन्हा पेतांना बोलावलं. बंड करणाऱ्यांपैकी पाचशेहून अधिक जणांना मृत्युदंड सुनावले गेले, पण प्रत्यक्षात गोळी घातली ती पन्नासेक जणांना. बाकीच्यांसाठी त्यांनी रजा वाढवली, जेवण सुधारलं आणि निष्फळ चढाया थांबवल्या. सैनिकाच्या जिवाची किंमत कळणारा सेनापती ही त्यांची ख्याती खोटी नव्हती. ती पुसायची गरज नाही. युद्ध संपता संपता ते मार्शल झाले.

आता व्हर्डूनपासून २४ वर्षं पुढे. मे-जून १९४०. हिटलरच्या रणगाड्यांनी फ्रान्स सहा आठवड्यांत मोडून काढला. पॅरिस पडलं, लाखो लोक हातगाड्या आणि सायकली घेऊन दक्षिणेकडे पळत होते. १६ जूनला ८४ वर्षांचे पेतां पंतप्रधान झाले. दुसऱ्याच दिवशी रेडिओवरून त्यांनी सांगितलं की लढणं थांबवायला हवं, आणि देशाचं दुःख हलकं करण्यासाठी मी स्वतःला फ्रान्सच्या चरणी अर्पण करतो. हेच वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं असतं तर लोकांनी त्याला भेकड म्हटलं असतं. पण व्हर्डूनचा माणूसच 'पुरे' म्हणतोय म्हटल्यावर रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायाबापड्यांनी डोळे पुसले आणि सुटकेचा निःश्वास टाकला. १० जुलैला व्हिशी या गावी संसदेनं ५६९ विरुद्ध ८० मतांनी सगळी सत्ता त्यांच्या हाती दिली. प्रजासत्ताक मोडीत निघालं ते असं, मतदान करून. त्या गावावरून पेतांच्या राजवटीलाच व्हिशी म्हणू लागले.

इथेच जमाखर्चाची वही फाटते. जमेला व्हर्डून आणि खर्चाला व्हिशी, असे हे दोन वेगळे व्यवहार नव्हेतच. व्हिशीला लागलेलं सगळं भांडवल व्हर्डूनचं होतं. आपल्याकडे 'पुण्याई' असा शब्द आहे, आणि ती साठते तशी खर्चही होते हे आपल्याला सांगावं लागत नाही. पेतांनी पुण्याई नुसती खर्च केली नाही, तिच्यावर कर्ज काढलं. जामीन राहिले ते व्हर्डूनला मेलेले लोक, त्यांना न विचारता.

कर्जाचा पैसा कुठे गेला? ३ ऑक्टोबर १९४०ला व्हिशी सरकारनं ज्यूंविषयीचा पहिला कायदा केला. ज्यू माणूस सैन्यात अधिकारी, न्यायाधीश, शिक्षक, वरिष्ठ सरकारी नोकर राहू शकणार नाही. जर्मनांनी असा हुकूम काढायला लावला नव्हता, व्हिशीनं तो आपणहून काढला. पेतांचे कैवारी बरीच वर्षं सांगत राहिले की म्हातारा थकला होता, सह्या करत होता, खरे उद्योग भोवतालच्या लोकांचे. मग २०१०मध्ये त्या कायद्याचा मूळ मसुदा उजेडात आला. टाइप केलेल्या कागदावर हातानं दुरुस्त्या केलेल्या होत्या. ज्यूंच्या हद्दपारीचा इतिहास आयुष्यभर खणून काढणारे वकील सेर्ज क्लार्सफेल्ड यांनी जाहीर केलं की हस्ताक्षर पेतांचं आहे. मसुद्यात काही जुन्या फ्रेंच ज्यू घराण्यांना सूट होती, ती खोडलेली. शिक्षक आणि न्यायखात्यावरची बंदी आणखी रुंद केलेली. थकलेल्या हाताचं हे काम दिसत नाही.

त्याच महिन्यात पेतांना एक पत्र आलं. लिहिणारे प्येर मास, सिनेटर, वकील आणि ज्यू. सूर कमालीचा नम्र. ज्यू आता अधिकारी असू शकत नाहीत असं मी वाचलं, तेव्हा कृपया कळवावं : माझा भाऊ पायदळात सब-लेफ्टनंट होता, एप्रिल १९१६मध्ये दुओमाँला मारला गेला, त्याच्या खांद्यावरच्या फिती मी जाऊन काढून घ्यायच्या का? घरातले आणखी काही जण नुकतेच, मे १९४०मध्ये पडले, त्यांच्याही का? भावाला मी पुरला तो त्याच्या शौर्यपदकासकट, ते त्याच्याकडे राहू द्यावं का? आणि शेवटी, माझ्या पणजोबांना मिळालेलं नेपोलियनच्या काळातल्या लढायांचं पदक तरी मागच्या तारखेनं काढून घेतलं जाणार नाही ना?

दुओमाँ, एप्रिल १९१६. तेव्हा त्या भावाचे सेनापती होते पेतां. दोन वर्षांनी, १९४२मध्ये, प्येर मासना आउश्वित्झला पाठवण्यात आलं. ते परत आले नाहीत.

पुढचं थोडक्यात. २४ ऑक्टोबर १९४०ला माँत्वार या गावच्या स्टेशनात पेतांनी हिटलरशी हस्तांदोलन केलं, त्याचा फोटो जगभर गेला, आणि आठवडाभरात त्यांनी स्वतः रेडिओवर 'सहकार्या'चा रस्ता जाहीर केला. जुलै १९४२मध्ये पॅरिसमध्ये दोन दिवसांत १३ हजारांवर ज्यू पकडले गेले, त्यात ४ हजारांहून जास्त मुलं. पकडणारे पोलीस फ्रेंच होते. युद्ध संपेपर्यंत फ्रान्समधून सुमारे ७६ हजार ज्यू छळछावण्यांकडे पाठवले गेले, जगून परतले ते अडीचेक हजार.

बचावाच्या बाजूनं एक युक्तिवाद कायम केला जातो, आणि तो ऐकून घ्यायला हवा. त्याला 'ढाल आणि तलवार' म्हणतात. लंडनमध्ये बसून जर्मनांविरुद्ध लढा चालू ठेवणारे फ्रेंच सेनापती द गॉल ही तलवार, देशात राहिलेले पेतां ही ढाल. ते नसते तर जर्मनांनी आणखी वाईट केलं असतं. पाहा, फ्रान्समधले तीनचतुर्थांश ज्यू वाचलेच ना? ऐकायला ठीक वाटतं. पण १९७२मध्ये अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टन यांनी जर्मन दप्तरं उघडून दाखवलं की बऱ्याच बाबतींत व्हिशीच पुढाकार घेत होती. १९४२च्या ऑगस्टमध्ये दक्षिण फ्रान्समध्ये, जिथे अजून एकही जर्मन पलटण नव्हती, तिथून सुमारे दहा हजार परदेशी ज्यू व्हिशीनं आपल्या हातांनी जर्मनांच्या हवाली केले. ढाल असं करत नाही. वाचलेल्यांपैकी पुष्कळांना वाचवलं ते शेजाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, जोगिणींच्या मठांनी आणि खोट्या कागदपत्रांनी.

१९४५च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये खटला उभा राहिला. ८९ वर्षांचे पेतां मार्शलच्या गणवेशात आले. छातीवर एकच पदक, साध्या सैनिकांना मिळतं ते. एक निवेदन वाचलं आणि नंतर जवळपास गप्प बसले. निवड विचारपूर्वक होती. आरोप होता राज्यकर्त्यावर, पिंजऱ्यात येऊन बसला सैनिक. १५ ऑगस्टला मृत्युदंड ठोठावला गेला. वयाचा विचार करून तो अमलात आणू नये अशी इच्छा न्यायालयानंच नोंदवली आणि द गॉलनी शिक्षा जन्मठेपेवर आणली.

द गॉल यांचं इथे असणं हा एक वेगळाच पीळ आहे. १९१२मध्ये तरुण द गॉल आरास इथल्या ज्या पलटणीत रुजू झाले तिचे कर्नल पेतां होते. १९१६च्या मार्चमध्ये दुओमाँलाच द गॉल जखमी होऊन जर्मनांचे कैदी झाले. आणि १९४०च्या ऑगस्टमध्ये पेतांच्या राजवटीतल्या लष्करी न्यायालयानं द गॉलना गैरहजेरीत मृत्युदंड दिला होता. पाच वर्षांनी त्याच पेतांच्या गळ्याचा फास द गॉलनी सोडवला. माफ मात्र केलं नाही.

आपल्याकडे 'मरणान्तानि वैराणि' म्हणायची पद्धत आहे. रावण पडल्यावर राम विभीषणाला सांगतो ते. पण ते वैऱ्यासाठी आहे, आणि वैऱ्याचं सोपं असतं. आपल्याच घरातल्या वडीलधाऱ्यानं घराचं दार आतून उघडून दिलं असेल तर त्याच्या फोटोला हार घालायचा की नाही, याला रामायणात तयार उत्तर नाही.

फ्रान्सनं काय केलं? घोळ घातला, खूप वर्षं. पेतां १९५१मध्ये ९५व्या वर्षी बेटावरच वारले. १९६८च्या नोव्हेंबरात, पहिलं महायुद्ध संपल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून, राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्याकडून कबरीवर पुष्पचक्र गेलं. १९७८मध्ये जिस्कार देस्तां यांच्याकडून. मितराँ यांनी १९८७पासून दर ११ नोव्हेंबरला पाठवायला सुरुवात केली. हे चक्र व्हर्डूनच्या विजेत्यासाठी आहे, व्हिशीच्या राज्यकर्त्यासाठी नाही, असा एकूण खुलासा. पण कबरीत अर्धा माणूस पुरलेला नसतो. १९९२मध्ये पॅरिसच्या त्या धरपकडीला पन्नास वर्षं झाली, लोक खवळले, आणि त्यानंतर पुष्पचक्रं बंद पडली. पुढे १९९४मध्ये खुद्द मितराँ तरुणपणी व्हिशीच्या नोकरीत होते आणि त्या राजवटीचं मानचिन्हही त्यांना मिळालं होतं, हे सगळं चव्हाट्यावर आलं. हार घालणाऱ्याचं खातंही कधीकधी तपासून पाहावं लागतं.

माझ्या मते घोळ झाला तो तीन कामं एकात मिसळल्यामुळे. इतिहासाच्या पुस्तकात पेतां यायलाच हवेत, त्या रस्त्यासकट, त्या रहाटासकट. तिथे त्यांना गाळणं म्हणजे लबाडी. न्यायालयाचं काम वेगळं. ते आयुष्य तोलत नाही, कृत्य तोलतं, आणि ते काम १९४५मध्ये झालं. आणि राज्यानं मान देणं हे तिसरंच काम. तिथे देश आज 'हा आमचा' असं म्हणत असतो. तिन्हींना एकच तराजू लावला की गडबड होते. २०१८च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांचं हेच झालं. पेतां पहिल्या महायुद्धात थोर सैनिक होते आणि दुसऱ्यात त्यांनी घातक निर्णय घेतले, असं ते बोलले. वाक्य म्हणून बिनचूक, शाळेच्या पुस्तकात शोभेल असं. पण विषय होता मार्शलांना लष्कराकडून द्यायच्या मानवंदनेचा. एका दिवसात एवढं काहूर उठलं की सरकारला सांगावं लागलं : पेतांना मानवंदना नाही, पॅरिसच्या अँव्हालिद या लष्करी स्मारकात पुरलेल्या पाच मार्शलांनाच काय ती.

त्याआधी बारा वर्षं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांना हे जास्त नेमकं जमलं होतं. २००६मध्ये, लढाईच्या नव्वदीला, ते व्हर्डूनला उभे राहिले आणि पेतांचं नाव टाळलं नाही. विजयाकडे नेणारे निर्णय या माणसानं घेतले हे म्हणाले, आणि लगेच पुढे, याच माणसानं १९४०मध्ये युद्धबंदीच्या घातक निवडीवर आणि सहकार्याच्या कलंकावर आपल्या कीर्तीचं पांघरूण घातलं. 'पण' नाही, 'तरीही' नाही. कीर्ती हेच पांघरूण.

पेतांना जिथे जायचं होतं ते दुओमाँचं स्मारक आजही पाहता येतं. १९२०मध्ये त्याची पायाभरणी त्यांच्याच हातून झाली होती. आत ओळख न पटलेल्या सुमारे १ लाख ३० हजार सैनिकांची हाडं आहेत, फ्रेंच आणि जर्मन एकत्र. इमारतीच्या मागच्या अंगाला बुटक्या खिडक्या आहेत, वाकून पाहिलं की दिसतात. समोर उतारावर हजारो क्रूस. आणि तिथून जवळच, रस्त्याच्या कडेला, फ्रान्ससाठी पडलेल्या ज्यू सैनिकांची एक स्मारकभिंत आहे. ती १९३८मध्ये उभारली, त्या कायद्याच्या दोन वर्षं आधी.